बारावी गाडी

मांजर नकोसं झालं की माणूस त्याला पोत्यात घालतो, चार गावं ओलांडून सोडून येतो, आणि घरी येऊन बघतो तर मांजर चुलीपुढं बसून पंजे चाटत असतं. मांजराच्या बाबतीत गहिनीनाथानं ही चूक कधी केली नाही. पिकअपच्या बाबतीत केली.

पिकअप दोन हजार नऊची, सतरा पासिंगची. घेतली तेव्हा पांढरी होती, पुढं तिच्या रंगाबद्दल पैज लावता आली असती. गहिनीनाथ तिचा तिसरा मालक, पण अकरा वर्षांत त्यानं तिला जे काय शिकवलं ते पहिल्या दोघांनी मिळून शिकवलं नसेल. रेडिएटर गळायला लागला तेव्हा त्यानं त्यात खंडोबाचा मूठभर भंडारा ओतला, आणि गळती थांबली. डिझेलची टाकी पाझरायला लागली तेव्हा चांगुणेचा कपड्याचा साबण चोळून भोक बुजवलं. एकदा लोणीच्या रस्त्यावर पंख्याचा पट्टा तुटला, तर चांगुणेच्या जुन्या लुगड्याचा काठ पिळून बांधला. त्या काठावर गाडी दीड महिना पळाली आणि पट्ट्याला जरीचा वास येत होता, असं सांगणारे आजही आहेत.

एवढं करूनही गाडी रुसायची. सकाळी सातदा सेल्फ मारावा तेव्हा एकदा खोकायची. दिवाळीच्या पाडव्याला ती चांगुणेच्या माहेरच्या माणसांसकट ऊसतोड्यांच्या बैलगाड्यांमागं बंद पडली आणि बैलांनी ओढून आणली. त्या दिवशी चांगुणा म्हणाली, "आता ह्या घरात एकतर ती ऱ्हाईल, न्हाईतर मी."

गहिनीनाथानं दोन दिवस विचार केला. दोन दिवस का लागले, याबद्दल चांगुणा अजून बोलते.

गाडी विकायची ठरल्यावर बांधापलीकडून कानिफनाथानं विचारलं होतं, "दादा, मला देतो का?" कानिफनाथ भावकीतला, धाकट्या घरातला, गहिनीनाथापेक्षा दोन वर्षांनी लहान. बांधाला बांध, विहिरीला विहीर, आणि आज्यापासून चालत आलेली मोजामापी: तुझा ऊस केवढा, माझा केवढा. गहिनीनाथ म्हणाला, "एक वेळ भंगारात घालीन, पन तुला न्हाई." आणि गाडी पुन्हा डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून तो ती थेट शेवगावच्या बाजाराला घेऊन गेला. जिल्ह्याचं दुसरं टोक. व्यापाऱ्याला दिली, एसटीनं परत आला.

गाडीबरोबर एक गोष्ट मात्र त्यानं विकली नव्हती. अंगणात गाडीच्या मागच्या चाकाखाली लावायचा एक धोंडा होता, फुटक्या जात्याची अर्धी तळी. तो तिथंच राहिला. रिकाम्या जागेत एकटा धोंडा. चांगुणा म्हणायची, "उचला की तो, पाय ठेचकाळतो." गहिनीनाथ म्हणायचा, "असू दे."

चौथ्या दिवशी सकाळी तो बशीत चहा ओतत होता. बांधापलीकडून आवाज आला. पिकअपचा. आणि पहिल्या सेल्फला! अर्ध्या सेल्फला म्हणा ना. गहिनीनाथाची बशी हातात तशीच राहिली. आवाज त्याच्या ओळखीचा होता, पण त्यात खोकला नव्हता. आपली बायको दुसऱ्याच्या ओसरीवर बसून हसताना ऐकू यावी, तसं त्याला झालं.

"चांगुणे, ऐकलंस?"

"ऐकलं की. कानिफनाथभाऊजींनी शेवगावास्नं आनली म्हनं. काल सांजंला."

"आपली?"

"आता त्यांची."

त्या हिवाळ्यात गहिनीनाथाच्या अंगात जी जळजळ शिरली ती कुठल्या सोड्यानं जाणारी नव्हती. चालू झालेली गाडीसुद्धा कानिफनाथानं पंधरा दिवस खोलून ठेवली. स्प्रिंगच्या पाट्यांचे रबर बदलले, क्लच प्लेट बदलली, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली. नागापूरच्या एमआयडीसीतल्या कुणा ओळखीच्या फिटरकडनं टाकीला झाळ मारून आणली. आणि रेडिएटर उघडला त्या दिवशी तो मुद्दाम बांधावर आला.

"दादा, तुझ्या रेडिएटरातनं हळद निघाली."

"देवाचा भंडारा हुता."

"व्हय, पन शेरभर निघाला. आमच्या आरतीच्या आईनं वाळवलाय. भाजीला लागला तर सांग."

त्या दिवसापासून गहिनीनाथानं पिवळ्या भाजीकडं बघणं सोडलं.

पेरूचा हंगाम आला. कानिफनाथ रोज पहाटे क्रेट भरून राहात्याला जायचा. गाडी त्याच्या हाताखाली अशी पळायची की रस्त्यातले खड्डे बाजूला सरकून वाट देतात असं वाटेवरच्या कोल्हारचे लोक सांगू लागले. गहिनीनाथ आपले पेरू भाड्याच्या टेम्पोनं पाठवायचा आणि रोज देवाला एकच मागणं मागायचा, फार मोठं नाही: आज तिचा सेल्फ लागू नये. देव रोज ऐकायचा नाही.

पण खरा घाव बसला तो फाळक्यावर. गाडीच्या मागच्या फाळक्यावर गहिनीनाथानं पोरांची नावं घातली होती, हर्षल आणि निकिता, मधे बदाम. संक्रांतीच्या आसपास कानिफनाथानं फाळका रंगवला आणि त्यावर आपल्या पोरींची नावं टाकली: आरती, मोनिका. बदाम तेवढा राहू दिला. मात्र ऊन कलतं झालं की नव्या रंगाखालून जुनी अक्षरं वर यायची, आणि गाडी पुढं गेली की गहिनीनाथाला आपली पोरं परक्याच्या दाराआडून डोकावताना दिसायची.

"बदाम माझा हाय," तो चांगुणेला म्हणाला.

"मग जाऊन खरवडून आना."

आता या गावाच्या खंडोबाबद्दल थोडं सांगायला पाहिजे. माघ पुनवेला इथं बारा गाड्या ओढतात. बारा बैलगाड्या, बैल सोडलेल्या, एकामागं एक बांधून रांग करायची. त्यात माणसं बसवायची. पुढच्या गाडीला दोर, आणि तो दोर कंबरेला बांधून एकटा भगत सगळी रांग देवळापर्यंत ओढत नेतो. टेकाडापासून देवळापर्यंत जमिनीला बारीकसा उतार आहे. आपल्या पूर्वजांना भक्ती होती तशी अक्कलही होती. तरी मान तो मान.

हा मान थोरल्या घराचा, म्हणजे गहिनीनाथाचा. बाप, आजा, पणजा सगळे भगत. आदल्या दिवशी दुपारी भगताला हळद लागते. हळद लागली की त्यानं तोंड उघडायचं नाही. गाड्या देवळाला लागल्या की मगच तो बोलतो, आणि तो जे पहिलं बोलतो ती वर्षाची भाकणूक: पाऊस कसा, बाजरी कशी, कांद्याचं काय. लिहूनही काही सांगायचं नाही. फार पूर्वी एका भगतानं पाटीवर लिहून तंबाखू मागवली होती, तेव्हापासून पंचांनी ती वाट बंद केलेली. आणि भगत मधेच बोलला किंवा गाड्या अडल्या, तर मान धाकट्या घराकडं जायचा. म्हणजे कानिफनाथाकडं. असं कधी झालेलं नव्हतं. पण दर वर्षी धाकट्या घरातली माणसं रांगेच्या अगदी जवळ उभी राहायची.

तर पुनवेच्या आदल्या दिवशी सकाळी गहिनीनाथ टेकाडावर जागा बघायला गेला होता. तिथल्या हौदावर कानिफनाथ पिकअप धुवत होता. जत्रा म्हणून शाम्पू लावून, मडगार्डच्या आत हात घालून, चाकांत पाईप धरून. धुऊन झाल्यावर तो गाडी घरी नेणार, तोवर खाली पाळणेवाल्यांनी वाट अडवली. मग त्यानं गाडी टेकाडाच्या टोकालाच लावली, उतार बघून हँडब्रेक कचकचून ओढला, आणि हात पुसत निघून गेला.

गहिनीनाथाच्या काळजात गारवा पसरला.

कारण अकरा वर्षांत त्याला एक गोष्ट कळली होती, जी नागापूरच्या फिटरलाही कळली नव्हती. ही गाडी धुतली आणि ओल्या अंगानं हँडब्रेक ओढून उभी केली, की डावं मागलं चाक आतल्या आत चिकटतं. ब्रेकचे लायनर चाकाच्या आतल्या ड्रमला धरतात ते धरतातच. मग आत हँडब्रेक सोडा नाहीतर नवस बोला, चाक हलत नाही. दर दसऱ्याला हे व्हायचं. म्हणूनच तो हँडब्रेक ओढायचा नाही, धोंडा लावायचा. आणि बहुतेक वर्षी धुवायचाही नाही. कानिफनाथाची गाडी घरी शेडात सपाटीला उभी असायची, त्याला हे कधी कळायची वेळच आली नव्हती.

"परवा राहात्याला पेरू कसं जात्यात बघू," गहिनीनाथ मनाशी म्हणाला. हाक मारून एक वाक्य सांगितलं असतं तर झालं असतं. कानिफनाथ पन्नास पावलांवर होता. गहिनीनाथानं खोकून घसा साफ केला आणि गप्प घरी आला. दुपारी त्याला हळद लागली. चांगुणा म्हणाली, "आज लई खुशीत दिसताय." तो हसला. बोलायचं नव्हतंच.

पुनवेला सकाळी भलतंच झालं. काकासाहेब म्हणजे देवस्थानचे पंच, आणि बारावी गाडी त्यांची. बैलगाड्या आता उरल्यात कुठं? बारा जमवता जमवता पंचांच्या नाकी नऊ येतात. काकासाहेबांची गाडी गोठ्यातनं बाहेर काढली आणि चाक वाळवीनं असं खाल्लेलं निघालं की त्याचा भुगा झाला. अकरा गाड्या, आणि देवाला बारा लागतात. माणसं डोकं खाजवत टेकाडावर जमली. काकासाहेबांची नजर फिरता फिरता एका जागी थांबली.

"कानिफनाथ, ही तुझी गाडी हाय न्हवं?"

"व्हय, काकासाहेब."

"कधी धुतली?"

"कालच."

"अंघोळ झाल्याली, चाकं चार. देव काय बैलगाडीच पायजे म्हनला न्हाई. आन् उभी बी वरच्या टोकाला हाय. तिला हालवूच नका, म्होरं अकरा जोडा. हीच बारावी!"

"खंडोबाच्या नावानं चांगभलं!" लोक ओरडले.

हळदीनं पिवळा झालेला गहिनीनाथ हळदीच्या आतून पांढरा पडला.

रांग जुळली. कानिफनाथ पिकअपमध्ये स्टिअरिंगवर बसला. त्यानं गिअर न्यूट्रल केला, हँडब्रेक खाली सोडला. खटका वाजला. आतून सुटला, चाकात नाही सुटला, हे त्या हजार माणसांत एकालाच माहीत होतं, आणि त्याच्या तोंडाला देवाचं कुलूप होतं.

गहिनीनाथानं काकासाहेबांचा हात धरला, पिकअपकडं बोट दाखवलं आणि मान जोरजोरात हलवली.

काकासाहेब गंभीर झाले. "भगत म्हनतो, गाडीला नारळ फोडा."

नारळ फोडला. गहिनीनाथानं डाव्या मागच्या चाकाकडं बोट केलं.

"चाकाखाली लिंबू ठेवा."

चारही चाकांखाली लिंबं ठेवली. गहिनीनाथानं काठी घेतली आणि मातीत एक मोठा गोल काढला, त्यावर मूठ आपटली.

"रिंगान! मागं सरा, भगतानं रिंगान आखलं!" लोक मागं सरले आणि गोलाला हात लावून कपाळाला लावू लागले.

गहिनीनाथानं बायकांच्या घोळक्यात चांगुणा शोधली. तीस वर्षांचा संसार, हिला तरी कळेल. तो तिच्याकडं बघत हाताची मूठ वर ओढू लागला, खाली सोडू लागला. चांगुणेनं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "पोटात कळ येती वाटतं. कालपासनं उपाशी हायेत."

हलगी वाजायला लागली. दोर कंबरेला आला. गहिनीनाथानं डोळे मिटले, देवाचं नाव मनात घेतलं आणि ओढ घेतली.

अकरा गाड्या कुरकुरल्या, दोर ताणले, आणि सगळं जागच्या जागी थांबलं.

दुसऱ्यांदा ओढ घेतली. टाचा मातीत रुतल्या. रांग तसूभर हलली नाही. हलगीचा ठेका अडखळला. मागून एक आवाज आला, धाकट्या घरातला: "अडल्या की रं गाड्या!" आणि ते शब्द गर्दीतून असे सरकले की गहिनीनाथाला ते पाठीवर मोजता आले. तीन ओढी असतात. तिसरी फुकट गेली की मान गेला. बापाचा, आजाचा, पणजाचा. आणि जाणार कुणाकडं? जो त्याच्या गाडीत, त्याच्या बदामापुढं बसला होता त्याच्याकडं.

त्याला वाटलं, ओरडावं: ब्रेक धरलाय! पण ओरडलं तरी मान जाणारच होता.

मग त्यानं जे केलं ते त्या देवळाच्या अंगणात कुणी केलेलं नव्हतं. त्यानं कंबरेचा दोर सोडला, काकासाहेबांच्या ताटातले तीन नारळ उचलले आणि उलटा धावत सुटला. पिकअपच्या डाव्या मागच्या चाकाशी गुडघ्यावर बसला, अर्धा गाडीखाली शिरला. ड्रमच्या मागच्या अंगाला, वरून चार बोटं सोडून, एक जागा आहे. ती त्याला अंधारातही सापडली असती. पहिला नारळ त्यानं तिथं हाणला. नारळ फुटला. लोक म्हणाले, "चांगभलं!" दुसरा हाणला. पाणी ड्रमात गेलं. तिसरा हाणताना त्याच्या मनात काय होतं ते देवाला ठाऊक, पण ओठ न हलवता तो जे काही म्हणाला ते गाडीला म्हणाला, देवाला नव्हे.

टण्ण!

तो आवाज कोल्हारच्या पुलावर उभ्या असलेल्या माणसांनी ऐकला, असं पुलावरचीच माणसं सांगतात. चाक सुटलं. गहिनीनाथ लोळत बाहेर आला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की पिकअप चालायला लागली आहे. उतार होता. सगळ्यात जड तीच होती, आणि तिनं पुढच्या अकरा गाड्या ढकलायला सुरुवात केली होती. बारा गाड्या निघाल्या होत्या देवळाकडं, आणि भगत शेपटाला!

धोतर सावरत गहिनीनाथ धावला. पंचावन्न वर्षांचा माणूस, दीड दिवसाचा उपाशी. बारावी ओलांडताना त्यानं खिडकीत पाहिलं. कानिफनाथ आरशात बघत होता. दोघांची नजर भेटली. कानिफनाथानं काहीच केलं नसतं, नुसता स्टिअरिंग धरून बसला असता, तर रांग भगताशिवाय देवळाला लागली असती आणि सत्तर वर्षांची धाकट्या घराची आशा त्या दिवशी फळाला आली असती.

गहिनीनाथाला ब्रेकचा बारीक किरकिराट ऐकू आला. पायाचा ब्रेक. रांग हळू झाली. थांबली नाही, फक्त हळू झाली, एका पंचावन्न वर्षांच्या माणसाला पुढं जाता येईल एवढीच.

अकरावी, दहावी, नववी... गाडीत बसलेली माणसं त्याला हात करत होती. देवळाच्या पायऱ्या सात पावलांवर असताना त्यानं मातीत फरफटणारा दोर पकडला, खांद्यावर घेतला आणि पुढं झाला. देवळापाशी उभ्या असलेल्या लोकांना एवढंच दिसलं की ह्या वर्षी भगत बारा गाड्या घेऊन पळत आला. टेकाडावरच्यांनी सगळं पाहिलं होतं, पण मागच्यांचं कोण ऐकतं? भंडारा एवढा उधळला की दुपारी पिवळं ऊन पडलं.

मग सगळं शांत झालं. भाकणुकीची वेळ. काकासाहेब हात जोडून पुढं आले. कानिफनाथही गाडीतून उतरून लोकांत येऊन उभा राहिला, बाकीच्यांसारखेच हात जोडून. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि तेच गहिनीनाथाला सोसेना. गाडी चांगली, हात चांगला, हे कसंबसं गिळलं होतं. आता मनही चांगलं निघावं?

भाकणूक त्यानं आठ दिवस आधी तयार केली होती: पाऊस वेळेवर, बाजरी बरी, कांदा रडवील. त्यानं तोंड उघडलं. आणि दीड दिवस दाबून ठेवलेलं जे आत होतं तेच आधी बाहेर आलं.

"धुतल्यावर हँडब्रेक वढू नको रं... धोंडा लावत जा!"

देवळात कबुतराच्या पंखांचा आवाज ऐकू आला. मग काकासाहेबांनी मान डोलावली आणि मोठ्यानं गावाला समजावलं की यंदा देवाची आज्ञा अशी आहे. आजही त्या गावात जा. मोटरसायकलपासून ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरपर्यंत प्रत्येक चाकाला धोंडा लावलेला दिसेल. नवी कोरी मोटार घेणाराही आधी धोंडा पुजतो.

तिसऱ्या दिवशी कानिफनाथ बांधावर आला. गहिनीनाथ अंगणात बसला होता.

"दादा, मी धुतली तवा तू वर हुतास."

"व्हय."

"बोलला न्हाईस."

"न्हाई."

"हळद लागायची हुती तवा."

"व्हय."

कानिफनाथानं बांधावरचं एक ढेकूळ पायानं फोडलं. "मी पाय ब्रेकवर ठिवला नसता तर?"

"म्हाईत हाय," गहिनीनाथ म्हणाला. "तेच तर जाळतंय."

आतून चांगुणेनं भांडं आपटलं, म्हणजे ती ऐकत होती. गहिनीनाथ उठला. रिकाम्या जागेतला तो धोंडा, जात्याची अर्धी तळी, त्यानं दोन्ही हातांनी उचलला आणि आणून बांधावर ठेवला.

"ह्यो तिचा धोंडा. दुसरा लावशील तर चाक वरनं उतरतं."

कानिफनाथानं धोंड्यावरची माती हातानं झटकली. "आजून काय काय म्हाईत हाय तुला हिच्याबद्दल?"

"लई हाय."

"मग सांग की."

"वर्षाला एक," गहिनीनाथ म्हणाला. "पुनवंला."

कानिफनाथ हसत धोंडा घेऊन गेला. चांगुणेनं चहा आणला. गहिनीनाथानं तो बशीत ओतला, आणि बशी ओठाला लावायच्या आधी डोळे मिटून देवाकडं नेहमीचं मागणं मागितलं, फार मोठं नाही.

बांधापलीकडं गाडी अर्ध्या सेल्फला सुरू झाली.